पॅसेजमधलं बाक

वडाळ्याच्या मार्केटात यंदा कैऱ्या लवकर आल्या. "घ्या ओ ताई, आंबटढाण आहेत," असं भाजीवालीनं म्हटलं आणि मी किलोभर घेऊन टाकल्या. घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी करते तोच बाहेरच्या खोलीतून कात्रीचा आवाज आला. कच, कच, कच. बाबा पेपर कापत होते. मी कपाळाला हात लावला. म्हणजे मसुदा आला!

आमच्याकडे कैरी आणि मसुदा बरोबरच येतात, मला कळायला लागल्यापासून. उन्हाळा लागला की सरकारला पुढच्या पावसाळ्याची आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींची आठवण होते. मग कुठला तरी नियम बदलायचं ठरतं आणि पेपरात आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या नि पासबुक हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात एक चौकोन छापून येतो. नियमाचा मसुदा तयार आहे, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना पाठवाव्यात. नागरिक कशाला पाठवतायत! नागरिक त्या पानावर सांडगे वाळत घालतात. पण माझे बाबा, ऐंशी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेले, तो चौकोन नेमका शोधून काढतात, कापतात आणि उशीखाली ठेवतात.

"बेबी," त्यांनी हाक मारली. माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्यांच्या तोंडी मी बेबीच. "शनिवारी दादरला जायचंय. संस्थेत. येशील ना सोबत?"

"येईन की."

"आणि आंबेडाळ कर. डब्यात दे."

माझ्या हातातली कैरी हातातच राहिली. गिरगावातली खोली सुटली त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात आंबेडाळ झालेली नाही. आईनं केली नाही म्हणून मीही केली नाही. बाबांनी कधी मागितलीही नव्हती. आज मागितली, आणि वर असं म्हणाले, "फोडणीत हिंग जास्त घाल. ती घालायची तसा."

आता संस्थेबद्दल सांगायलाच हवं. ती इंजिनीअर लोकांची संघटना, इमारती नि पूल बांधणाऱ्यांची. लोकांना वाटतं असल्या संस्था म्हणजे वर्षातून एकदा शाल-श्रीफळ, लांबलचक भाषण आणि गार बटाटेवडा. तेही असतंच म्हणा. पण बाबांच्या लेखी संस्थेचं खरं काम एकच होतं, नियम व्हायच्या आधी सरकारला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. "पूल पडला की इंजिनीअरला बोलावतात, पोस्टमॉर्टेमला," ते म्हणायचे. "अरे, माणूस जिवंत असताना नाडी बघायला बोलवा ना! नाही बोलावलं तर आपण जायचं." आणि ते जायचे. मंत्रालयाच्या जिन्यांवर त्यांच्या चपला झिजल्या. 'करता येईल' काढून तिथे 'केलेच पाहिजे' घालावं म्हणून ते दोन-दोन वर्षं एकेका साहेबाच्या दाराशी बसलेले आहेत. कधी ऐकलं जायचं, कधी फाइल गडप व्हायची. ऐकलं गेलं की घरी बासुंदी यायची. फारशी आली नाही.

संस्थेची जागा दादरला, एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर. एक हॉल, लांब टेबल, घरघरणारे पंखे, आणि हॉलच्या बाहेर पॅसेज. पॅसेजमध्ये एक लाकडी बाक. शनिवारी दुपारी समिती बसायची आणि मसुद्याचं एकेक कलम वाचलं जायचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मीही बाबांबरोबर जायचे, कारण आईला गच्चीवर कुरडया घालायच्या असायच्या आणि मी तिथे असले की अर्ध्या कुरडया ओल्याच पोटात जायच्या.

त्या बाकाची एक रीत होती. ती बाबांनीच घालून दिलेली. फार पूर्वी एका सभासदानं रस्तारुंदीच्या शिफारशीत हळूच एक ओळ घुसवली होती आणि तिच्यामुळे त्याच्या मेहुण्याच्या प्लॉटचं सोनं झालं होतं. बाबा तेव्हा संतापानं लाल झाले. "लोक आपलं ऐकतात ते का? आपल्याला त्यात काही मिळवायचं नसतं म्हणून. ते गेलं की आपण दलाल!" मग ठरलं. ज्याचं स्वतःचं घर, जमीन किंवा काम एखाद्या कलमात येतं, त्यानं ते कलम निघालं की उठायचं आणि बाहेर बाकावर जाऊन बसायचं. आतलं ऐकायचं नाही, नंतर विचारायचं नाही. कलम संपलं की आत यायचं. साधं सरळ. मी तरी दुसऱ्या कुठल्या संस्थेत असली रीत ऐकलेली नाही, आणि लहानपणी मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

शिवाय मजाही होती त्यात. तेव्हा समितीतले निम्मे लोक चाळीतच राहायचे, कोणी लालबागला, कोणी परळला, कोणी आमच्यासारखे गिरगावात. जुन्या इमारतींचं कलम निघालं की खुर्च्या सरकायच्या आणि अर्धा हॉल उठून पॅसेजमध्ये यायचा. बाहेरच गर्दी, बाहेरच चहा, बाहेरच हशा. आईनं दिलेला आंबेडाळीचा डबा तिथेच उघडायचा. आतून अध्यक्ष ओरडायचे, "अहो, कोरमपुरते तरी राहा रे आत!" मी फ्रॉकात डाळीचे हात पुसत त्या सगळ्यांच्या मध्ये बसायचे. मुंबई चालवतात ती हीच माणसं, अशी माझी पक्की समजूत होती.

मग हळूहळू एकेकानं चाळ सोडली. मुलुंडला गेले, डोंबिवलीला गेले, ठाण्याला गेले. कुणाची मुलं मोठी झाली, कुणाच्या सुनेला स्वतंत्र संडास हवा होता. त्यात चूक काय? पण चाळ सुटली की माणूस बाकावरून उठून कायमचा हॉलमध्ये जायचा. बाक मोकळं होत गेलं. शेवटी जुन्या इमारतींचं कलम निघालं की एकटे बाबा उठायचे, चष्म्याचं घर खिशात टाकायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. ज्यानं जुन्या इमारतीत उभं आयुष्य काढलं होतं असा एकच माणूस त्या समितीत उरला होता, आणि जुन्या इमारतींवर बोलायची वेळ आली की तोच बाहेर. हे तेव्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. एवढी हुशार माणसं!

आमची खोली वाडीतल्या मधल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. खोली म्हणायची, होत्या दोन. माझं लग्न होऊन मी वडाळ्याला आले तरी उन्हाळा आला की माझे पाय तिकडेच ओढायचे. चैत्रात आई गौर मांडायची. गॅलरीभर मोगऱ्याचा वास, माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास, आणि पाट्यावर भिजलेली हरभऱ्याची डाळ भरडायचा आवाज. मिक्सरला ती हात लावायची नाही. "मिक्सरात डाळीचं पिठलं होतं, डाळ होत नाही." खिसलेली कैरी, वरून हिंग-मोहरीची नि लाल मिरच्यांची फोडणी. सगळ्या मजल्यावरच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या, आणि खालच्या परबकाकू तर दोनदा यायच्या, एकदा कुंकवाला नि एकदा डाळीला. संध्याकाळी बाबा दादरहून आले की आई पदरानं वारा घेत विचारायची, "काय, आज काय शिकवलंत सरकारला?" बाबा सांगायचे. तिला निम्मं कळायचं नाही, तरी सगळं ऐकून घ्यायची.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला तडा होता. बाबांनी त्या तड्यावर काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. भिंत हलली तर काच तडकणार, इतकं सोपं यंत्र. आई रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना त्या काचेवरून बोट फिरवायची आणि आतूनच ओरडून सांगायची, "शाबूत आहे हो!" बाहेरून बाबा म्हणायचे, "बरं." वर्षानुवर्षं त्यांची सकाळ अशी सुरू झाली.

त्या उन्हाळ्यात एक दिवस आईचा आवाज आला नाही. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, जरा आत येता का?"

बाबांनी लपवलं नाही. लपवणारा दुसरा कोणी असता. त्यांनी पूर्ण चाळ हातोडीनं ठोकून ठोकून तपासली, आणि संध्याकाळी सगळ्यांना चौकात बोलावून सांगितलं की इमारत राहण्यालायक उरलेली नाही, पावसाच्या आत रिकामी करायला हवी. परबकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "आठल्यांनू, तुमीच असा सांगूक लागल्यात तर आमी खंय जावचा?" बाबा म्हणाले, "काकू, आधी जिवंत राहू या." खरंच होतं ते. आजही माझं म्हणणं आहे, खरंच होतं. घर पडून माणसं मेलेली या शहरानं कमी पाहिलीत का? आईलाही ते कळत होतं. तिचं भांडण बाहेर पडण्याशी नव्हतंच. ती एकच विचारायची, "परत कधी यायचं?"

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात मसुदा आला. धोकादायक इमारती पावसाच्या आत रिकाम्या करायच्या, न केल्यास पाणी-वीज तोडायची, असं त्यातलं एक कलम होतं. बाबांना ते कलम मान्य होतं, पण अपुरं वाटत होतं. बाहेर पडलेले लोक परत आलेच नाहीत अशा किती चाळी त्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून त्यांनी त्या कलमाला जोडायला एक वाक्य तयार केलं. रहिवाशांना बाहेर काढण्याआधी त्यांना परत कुठे आणि कधी आणणार हे लेखी द्यावे, आणि तोवरचा निवारा त्याच वॉर्डात द्यावा. एवढंच. आईनं ते वाक्य पाठ केलं होतं. हळदीकुंकवाला येईल त्या बाईला ती ते म्हणून दाखवायची, स्तोत्र म्हणावं तसं, आणि पुढे जोडायची, "ह्यांनी लिहिलंय. इंजिनीअरांकडून जाणार आहे, सरकारला ऐकावं लागेल."

मी त्या शनिवारी बाबांबरोबर होते, ऊन फार होतं म्हणून. आईनं समितीसाठी पितळेच्या मोठ्या डब्यात आंबेडाळ दिली होती. कलम आलं. बाबा उठले. जाताना त्यांनी शिल्पाला, म्हणजे त्यांच्या एके काळच्या ज्युनिअरला आणि समितीच्या तेव्हाच्या सचिवाला, एवढंच म्हटलं, "माझी सूचना वाचून दाखव." मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले. अख्ख्या बाकावर आम्ही दोघं.

दार नीट लागत नव्हतं. मला ऐकू येत होतं. शिल्पानं वाक्य वाचलं. मग कोणीतरी म्हणालं, "हे सामाजिक झालं. आपण तांत्रिक तेवढंच बोलावं." दुसरं कोणी म्हणालं, "बरोबर. लेखी देणं, वॉर्ड वगैरे हे आपलं क्षेत्रच नाही." शिल्पा म्हणाली, "पण सर इतकी वर्षं..." आणि तेव्हा जो आवाज आला तो मी अजून विसरलेले नाही, अगदी गोड, समजूतदार आवाज होता. "अगं, सरांचं घर आहे ना त्यात. म्हणून तर नको. उद्या लोक म्हणतील, संस्थेनं स्वतःच्या माणसाची सोय बघितली. सरांनाच ते आवडणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, दाराला हात लावला. बाबांनी माझं मनगट धरलं. "बेबी, नियम आहे." मग ते स्वतःच उठून पॅसेजच्या पार टोकाला, खिडकीपाशी गेले, आतलं ऐकू येऊ नये म्हणून. गल्लीतल्या रसवंतीच्या घुंगरांकडे बघत पाठमोरे उभे राहिले. आत चमचे वाजत होते. आंबेडाळ वाटली जात होती.

घरी आलो तेव्हा आई वाटच बघत होती. डबा उचलून बघितला, रिकामा, विसळलेला. "संपली? आवडली वाटतं." बाबा चपला काढत होते. "आणि वाक्य? गेलं ना?"

"नाही घेतलं."

"नाही घेतलं म्हणजे? तुम्ही काय म्हणालात?"

"मी बाहेर होतो गं. आपली इमारत आहे त्यात. नियम..."

आईनं डबा खाली ठेवला. ती आरडाओरडा करणारी बाई होती. भांडं आपटणारी, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं बोलणारी. त्या दिवशी ती अगदी हळू बोलली. "म्हणजे ज्यांचं काहीच जाणार नव्हतं ते आत होते. आणि ज्याचं घर चाललंय तो बाहेर. अहो, हा कुठला न्याय?" बाबांनी तो डबा उचलून फळीवर ठेवला.

इंजिनीअर इमारतीवरचा भार मोजतात तेव्हा त्यात माणसंही धरतात, हे मला बाबांनीच शिकवलेलं. भिंती, लाद्या, पत्रे हे एक वजन, आणि चालती-फिरती माणसं, त्यांची पिंपं, कपाटं, पाटे-वरवंटे हे दुसरं वजन. इमारत रिकामी केली की दुसरं वजन उतरतं, मग तुळयांना जरा आराम. ते वजन कुठे जातं, हे त्या गणितात नसतं. नसणारच, ते गणित तुळयांचं आहे. पण ज्या माणसांना ते गणित येतं त्यांनीच एकत्र बसून सरकारला सल्ला द्यायचा ठरवला, तर कोणीतरी तेवढं विचारायला नको? बाबांनी विचारलं होतं. पण बाबा बाहेर होते.

नियम झाला. संस्थेच्या शिफारशी घेतल्या म्हणून पेपरात नावही आलं. त्या संध्याकाळी बासुंदी आली नाही.

आम्ही वैशाखात खोली सोडली. टेम्पो खाली उभा, सामान भरून झालं, आणि आई सापडेना. वर जाऊन बघते तर बाईसाहेब पदर खोचून लादी पुसतायत. "आई, अगं पाडणार आहेत ही!" तर म्हणाली, "म्हणून काय पारोशी सोडू?" तिनं सगळी खोली पुसली, उंबऱ्यावर बोटानं चार टिकल्यांची रांगोळी काढली आणि कुलूप लावलं. किल्ली पोलक्यात टाकली. कुलपासकट दार महिनाभरात भंगारात गेलं असणार.

तात्पुरतं राहायला संक्रमण शिबिर खाडीच्या बाजूला, शेवटच्या बसस्टॉपच्याही पुढे मिळालं. गिरगावातली माणसं चार दिशांना पांगली. परबकाकू लेकाकडे कुडाळला गेल्या. शिबिरात नळाला पाणी होतं, पंखा होता, खोटं कशाला बोलू. पण आईला हाक मारणारं कोणी नव्हतं. पहिल्या चैत्रात तिनं गौर मांडली आणि नैवेद्याला साखर-खोबरं ठेवलं. आंबेडाळ का केली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "कैरी चांगली नाही मिळाली." खाली रस्त्यावर हातगाडीभर कैऱ्या होत्या, हिरव्यागार. बाबा ऐकत होते. ते पेपरात डोकं घालून बसले. शनिवारी मात्र दादरला जायचे, डब्याशिवाय.

तिनं त्यांना पुन्हा कधी बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं. फक्त शनिवारी संध्याकाळी "काय शिकवलंत सरकारला" हे विचारायचं तिनं बंद केलं. बाबा यायचे, चपला काढायचे, थोडा वेळ दारातच रेंगाळायचे. मग हात-पाय धुवायला जायचे.

गिरगावातल्या प्लॉटभोवती पत्रे लागले ते लागलेच. बिल्डर बदलला, कोर्टात गेला, दुसरा आला. पत्र्यांच्या वरून आत उगवलेला पिंपळ दिसायला लागला. शेवटच्या आजारपणात आई मला विचारायची, "पत्रे काढले का गं?" मी म्हणायचे, "काढतायत." ती गेली ती ऐन उन्हाळ्यातच, दुपारची, पंख्याखाली. पोलक्यात किल्ली होती. मी ती काढून घेतली, बाबांना दाखवली नाही.

तिचे दिवस झाले, बाबा माझ्याकडे राहायला आले, आणि थोड्याच दिवसांत कळलं की त्यांनी त्या खोलीवरचा हक्कच सोडून दिलाय. सही करून मोकळे. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. मी इतकी भांडले, इतकी भांडले! "आईचा जीव त्या खोलीत अडकला होता, आणि तुम्ही ती देऊन टाकलीत? उद्या इमारत उभी राहिली तर?" ते म्हणाले, "कुणासाठी ठेवू?" मला वाटलं, दुःखानं माणूस असा होतो, सगळ्यावरून मन उडतं. मी विषय सोडला. मला तेच कारण खरं वाटलं.

तर या शनिवारी आम्ही दादरला गेलो. बाबांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. मी आंबेडाळ केली होती, मिक्सरमध्येच, काय करणार, पाटा कुठला आणू. हिंग मात्र जास्त घातला. पॅसेजमध्ये आता स्टीलच्या खुर्च्या आल्यात. ते बाक कोपऱ्यात ढकललंय, त्यावर जुनी मासिकं रचलेली. बाबांनी जाता जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शिल्पा आता अध्यक्ष आहे, तिच्याही कानाशी केस पांढरे झालेत. ती धावत पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "ताई, तुम्हीही आत बसा, बाहेर फार उकडतं." मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. टेबलाभोवती बरीच तरुण मंडळी होती, लॅपटॉप घेऊन. त्यांना सर कोण हेही फारसं माहीत नसावं.

एकेक कलम झालं. मग जुन्या इमारतींचं आलं. तेच जुनं कलम, नव्या कपड्यांत. शिल्पा थांबली, बाबांकडे बघायला लागली. आणि बाबा सवयीनं उठलेच. चष्म्याचं घर खिशात टाकलं, खुर्ची मागे सरकवली. मी मनात म्हटलं, अहो आता कशाला! दोन पावलं टाकली असतील. मग ते थांबले, परत फिरले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"अध्यक्ष, नोंद करून घ्या," ते म्हणाले. "गिरगावातल्या माझ्या खोलीवरचा हक्क मी सोडलेला आहे. या कलमात आता माझं काहीही नाही. नियमाप्रमाणे मी आत बसू शकतो. बोलू शकतो."

म्हणजे यासाठी! मला वाटत होतं दुःखानं सोडली. या माणसानं आईची खोली देऊन त्या टेबलापाशी एक खुर्ची घेतली होती. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना जाऊन मिठी मारावी असंही वाटलं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही, पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

बाबांनी वाक्य म्हणून दाखवलं. कागद नव्हता, पाठ होतं. तेच, शब्द न् शब्द तेच. रहिवाशांना बाहेर काढण्याआधी त्यांना परत कुठे आणि कधी आणणार हे लेखी द्यावे, आणि तोवरचा निवारा त्याच वॉर्डात द्यावा. तिचा आवाज मला त्यांच्या आवाजात ऐकू येत होता, हळदीकुंकवाच्या बायकांसमोर म्हणणाऱ्या माझ्या आईचा.

मला वाटलं आता सुरू होईल. तांत्रिक, सामाजिक, आपलं क्षेत्र. मी तयारीत होते, या वेळी मनगट धरलं तरी ऐकणार नव्हते. शिल्पानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

एक पोरगेलासा इंजिनीअर टाइप करता करता म्हणाला, "चांगलंय की. हे आधीपासून नव्हतं का?" शेजारची मुलगी म्हणाली, "घालू या. बेसिक आहे." बस्स. शिल्पा म्हणाली, "एकमतानं मंजूर," पण ते म्हणताना तिनं बाबांकडे बघितलं नाही. पुढचं कलम लिफ्टच्या देखभालीचं होतं. चहा आला, डबा फिरला, सगळ्यांनी मिटक्या मारत डाळ खाल्ली आणि बाबा मान खाली घालून बसून राहिले.

सरकार ते वाक्य घेईल, न घेईल. तेव्हा घेतलं असतं की नाही तेही सांगता येत नाही. मी हे सगळं टॅक्सीत बाबांना सांगायच्या बेतात होते, समजूत घालायला. परळच्या सिग्नलला गाडी थांबली होती. बाहेर हातगाडीवर मोगऱ्याचे गजरे होते. रिकामा डबा त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

"कुणी नाही म्हणालंच नाही गं, बेबी," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सिग्नल सुटला. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरं झालं, आज घरी विचारायला ती नाही."